तीन फेऱ्यांची प्रार्थना

मोरीतला नळ खाकरला आणि उत्तम भिंगारदिवेचं प्रार्थनेवरचं लक्ष उडालं. अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा होता आणि डोंबिवलीच्या त्या इमारतीत परवापासून पाण्याचा पत्ता नव्हता. पिंप ठणठणीत कोरडं. उद्या मालनच्या माहेरची माणसं जेवायला येणार होती. पाणी यायचं ते आज, आणि चर्चचा अभ्यासगटही नेमका आजच त्यांच्या घरी भरला होता. त्यातून धडा कोणता, तर ‘देवापुढे स्थिर बसणे’. आता उठायचं तरी कोणत्या तोंडाने?

धडा संपला की सगळे हातात हात धरून, डोळे मिटून गोल बसत. आपली प्रार्थना झाली की शेजारच्याचा हात दाबायचा, मग त्याची पाळी. शेवटी गटप्रमुख बाळसर आमेन म्हणत. फेरी मालनपासून निघून सरांपाशी पोचलीच होती, तेवढ्यात नळाखालच्या हंड्यात धो धो धार पडली. आनंदाच्या भरात उत्तमने शेजारच्या शेवंतामावशींचा हात करकचून दाबला.

मावशींना वाटलं, आज दुसरी फेरी आहे. त्या लगेच सुरू झाल्या. त्यांनी गुणाजीचा हात दाबला, तोही सुरू झाला.

“अहो, हंडा भरला!” मालन कुजबुजली.

“मग मी काय करू? धडा काय होता?”

“अहो, पाणी मोरीत चाललंय सगळं!”

ते ऐकताच उत्तमकडून मावशींचा हात पुन्हा आवळला गेला. तिसरी फेरी सुरू झाली.

मावशींचे गुडघे, गुणाजीचा बेकार मेहुणा, चर्चचं गळकं छप्पर, सगळं दोनदा देवाच्या कानावर घालून झालं होतं. आता उरलं होतं ते फक्त खरं.

“प्रभू, नाताळचा केक मी घरी केला नव्हता,” मावशींना हुंदका फुटला. “कल्याणच्या बेकरीतला होता.”

“प्रभू, रोजचं वाचन मी करतच नाही. इथं येताना जिन्यात चाळतो,” गुणाजी म्हणाला.

बाळसरांचाही बांध फुटला. “प्रभू, गुणाजीची प्रार्थना सुरू झाली की मी डुलकी काढतो.”

नळाने एक उचकी दिली आणि पाणी गेलं. सर आमेन म्हणाले. सगळ्यांचे डोळे ओले होते.

“आज काहीतरी वेगळंच घडलं,” सर म्हणाले. “उत्तमराव, तुमच्याच मनातलं तेवढं राहिलं बघा.”

उत्तमला राहवेना. “सर, त्या फेऱ्या माझ्यामुळे झाल्या. उद्या पाहुणे यायचेत, पाण्यात जीव अडकलेला, हात आपोआप दाबला जात होता.”



“म्हणजे मी उगाच बोललो?” गुणाजीने विचारलं.

“काय रे उत्तम! पाण्यापायी माझी अब्रू घालवलीस!” मावशी कडाडल्या. सर चपला शोधू लागले.

उत्तमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणीही गेलं आणि माणसंही गेली.

सकाळी दार वाजलं. मावशी कळशी घेऊन उभ्या होत्या.

“आमच्या विहिरीचं आहे. पाहुणे यायचेत ना तुझ्याकडे? आणि हे बघ, केकचं चर्चमध्ये कुणाला बोलू नकोस.”

त्यांच्यामागून गुणाजी दोन बादल्या घेऊन जिना चढत होता. “वाचनाचं तेवढं आपल्यातच ठेव रे,” तो म्हणाला. सगळ्यात शेवटी बाळसर आले, सायकलला दोन मोठे डबे बांधून. “पाळकांच्या कानावर नको,” एवढंच ते धापा टाकत बोलले.

माहेरची माणसं यायच्या आत पिंप काठोकाठ भरलं. मालनने वर झाकण ठेवलं आणि पदराला हात पुसले.

“अहो,” ती म्हणाली, “पुढच्या गुरुवारीपण गट आपल्याकडेच ठेवू या.”