देवकतेचे धुतलेले हात

एकनाथ देवकते हात धुवायला लागला की हर्सूलच्या तलावातलं पाणी बोटभर खाली जायचं. हे मी वाढवून सांगतोय असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याला कधी हात धुताना बघितलेलं नाही.

आधी बाह्या कोपराच्या वर. मग बेसिनच्या भोकात रुमाल कोंबायचा, लेन्स निसटलीच तर गटारात जाऊ नये म्हणून. मग बिनवासाचा साबण, कारण वासाच्या साबणाचा थर बोटावर राहतो आणि बोटावरून डोळ्यात जातो. मग नखं, नखांच्या खाली, बोटांच्या बेचक्या. शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यानं हात टिपायचे, कारण टॉवेलचे धागे सुटतात. एवढं झालं की दोन्ही हात वर धरून तो उभा राहायचा. ऑपरेशनला निघालेला डॉक्टर म्हणा, नाहीतर पोलिसांना शरण आलेला दरोडेखोर म्हणा, दोन्ही शोभून दिसे. अशा वेळी खुद्द मॅनेजरनं हाक मारली तरी तो मान न वळवता म्हणायचा, "थांबा साहेब. आधी हात, मंग डोळा, मंग दुनिया."

डोळ्यात घालायच्या मऊ लेन्स तेव्हा औरंगाबादेत नव्या होत्या. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात तर त्या फक्त देवकतेकडे होत्या, आणि त्याची नजर बघता तेच बरोबर होतं. हा माणूस दौलताबादच्या किल्ल्याखालच्या एका गावात मेंढपाळाच्या घरात जन्मला. लहानपणी बापाची मेंढरं राखताना म्हणे त्यानं संध्याकाळपर्यंत एक धोंडा हाकलला, आणि धोंडा चालेना म्हणून त्याच्या आईबापाचा उद्धार केला. बाप म्हणाला, ह्याला मेंढरू दिसत नाही, ह्याला शाळेत घाला. शाळेत जाड भिंगांचा चष्मा मिळाला. त्या भिंगांमागे त्याचे डोळे मोहरीएवढे दिसायचे. पुढे ह्याच माणसाला कंपनीनं तयार मालाची तपासणी करायला बसवलं. त्या वर्षांत आमच्याकडे कारखाने इतक्या वेगानं उगवत होते की दिसतं की नाही असल्या किरकोळ गोष्टीवर कुणी अडून बसत नव्हतं. मी त्याच तपासणीच्या टेबलावर त्याच्या शेजारी बसायचो.

लेन्स घालून पहिल्यांदा कामावर आला त्या दिवशी तो गेटजवळच्या लिंबाखाली वर बघत उभा राहिला. मला म्हणाला, "झाडाची पानं अशी सुटी सुटी असत्यात व्हय? मला वाटलं एकच गोळा असतो." त्यावर आम्ही आठवडाभर हसलो. आमच्याकडे माणसाला हसायला कारण चांगलंच लागतं असं नाही.

लेन्सना तो 'लेकरं' म्हणायचा आणि कंपनीच्या बसमध्ये लेकरांच्या संगोपनावर प्रवचन करायचा. लेकरांना नळाचं पाणी नाय. थुंकी तर अजिबात नाय. लेकरं घेऊन झोपायचं नाय. रात्री त्यांना त्यांच्याच पाण्यात ठेवायचं आणि ते पाणी रोज बदलायचं. बोटाच्या टोकावर लेन्स धरून बघायची, वाटीसारखी दिसली तर सुलटी, ताटलीसारखी कडा बाहेर पडल्या तर उलटी. आणि डोळा लाल झाला की लेकरं घरी, चष्मा दारी. त्या बसमध्ये लेन्स घालणारा एकच माणूस होता, पण लेन्स घालता येणार नाही असा एकही उरला नव्हता. ड्रायव्हरनं तर भीतीनं नखं कापली होती.

ह्या माणसाचा एकच जिवाचा मित्र होता, ग्राइंडिंग मशीनवरचा सुखदेव खरात. चष्म्याच्या काळात दोघं सिनेमाला गेले की पडद्यावर काय चाललंय ते खरात त्याच्या कानात सांगायचा, आणि पुढच्या-मागच्या रांगा खरातला शिव्या घालायच्या. लेन्स आल्यावर देवकतेनं तेच सिनेमे परत बघितले आणि तक्रार केली की खरातनं सांगितलेली गोष्ट ह्याच्यापेक्षा चांगली होती. दोघांचा डबा एक. लेन्स घ्यायलाही खरातच बरोबर गेला होता. सुरुवातीला देवकतेची पापणी वर धरायला खरात लागायचा. तोही हात धुऊन, फडक्यानं टिपून.

ग्राइंडिंगची धूळ उडाली की लेन्सखाली जायची. मग ती काढायची, बाटलीतल्या पाण्यानं धुवायची, परत घालायची. दिवसातून असं कितीदा व्हायचं, आणि दर वेळी आधी हात. मॅनेजरशी हात मिळवला तरी हात, युनियनच्या पुढाऱ्याशी मिळवला तरी हात. आम्ही ह्याची नक्कल करायचो. सगळ्यात चांगली नक्कल खरात करायचा.

मग नामांतराचं आंदोलन पुन्हा पेटलं. विद्यापीठाचं नाव बदलायचं होतं, पण शहरातल्या माणसांनी त्याआधी एकमेकांची आडनावं नव्यानं वाचायला घेतली. कँटीनमधली बाकडी आपोआप वाटली गेली. तशी नोटीस लागली नव्हती, आमच्या कारखान्यात नोटीस न लावता झालेलं तेवढं एकच काम. खेड्यांतून घरं जळाल्याच्या बातम्या यायच्या. त्यात एक घर खरातच्या बहिणीचं होतं.

तो गावाकडे गेला आणि बऱ्याच दिवसांनी परतला. मशीनकडे न जाता आधी आमच्या टेबलाशी आला. देवकतेचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन नुसता उभा राहिला. देवकते रडायला लागला. आणि लेन्स घालणारा माणूस रडला की जे होतं ते झालं, लेन्स सरकली, डोळ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तो एक डोळा मिटून बेसिनकडे धावला. तिथं बाह्या वर, भोकात रुमाल, साबण, नखं, बेचक्या. अख्खा विधी. शेवटी हात वर धरून उभा राहिला, तेव्हा टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, देवकतेनं पण धुतले."

बाकडंभर माणसं हसली. खरात तिथंच उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून खरात देवकतेचा चहाचा ग्लास त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवायला लागला. डबा वेगळा झाला. देवकतेला आठवडाभर कळेचना. एवढे लख्ख डोळे घालून फिरणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही, म्हणून शेवटी मी त्याला सांगितलं. तो तसाच उठून मशीनवर गेला. मी मागे होतो.

"येडा हायस का सुखदेव?" तो म्हणाला. "मी लेन्सपायी धुतो. तुला ठावं हाये. माझी पापणी धरली तू."

खरातनं मशीन बंद केलं नाही. त्या आवाजातच बोलला, "ठावं हाये म्हणून तर लई लागलं. तुझं धुणं खोटं नव्हतं एकनाथा. पर त्यांचं हसणं बी खोटं नव्हतं. माझ्या बापानं, आज्यानं लोकांना हात धुतानाच बघितलं. मी तेवढा बघायचा राहिलो व्हतो."

देवकते आपले हात बघत टेबलाशी परत आला.

त्यानंतर बसमधली प्रवचनं बंद झाली. बेसिनही मोकळं राहायला लागलं. देवकते बाहेरच्या नळावर जात असेल अशी आम्ही समजूत करून घेतली आणि सुटलो म्हटलं. हळूहळू खरात निवळला. एक दिवस चहाचा ग्लास पुन्हा हातात आला. मग डबाही एक झाला. मधल्या सुट्टीत दोघं पुन्हा शेजारी बसायला लागले, दोन्ही बाकड्यांना पाठ करून. मला बरं वाटलं. म्हटलं, ह्या शहरात एक तरी गोष्ट नीट होतेय.

देवकतेचा डावा डोळा लाल दिसायला लागला. मी त्याला त्याचंच वाक्य ऐकवलं, लेकरं घरी, चष्मा दारी. तर म्हणाला, "धूळ गेलीय जरा." पुढं उजेड सहन होईना, पाणी गळायला लागलं, तरी लेन्स आतच. चष्मा सापडत नाही म्हणाला. त्याचा तो चष्मा सापडत नाही म्हणजे घरातलं जातं सापडत नाही म्हणण्यासारखं होतं. एके सकाळी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. तेव्हा मी आणि खरातनं त्याला दोन्हीकडून धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

खरात बाहेर बाकावर बसला. मी आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळा बघितला आणि बघतच राहिल्या. बुबुळाला जखम होऊन ती चिघळली होती. त्यांनी विचारलं, लेन्स घालून झोपत होता का?

"झोपत व्हतो बाई," देवकते म्हणाला. "रोजच झोपायचो. कंटाळा यायचा काढायचा."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. लेन्स घालून झोपणाऱ्या माणसाला ह्यानं चालत्या बसमधून खाली ढकललं असतं. बाईंनी त्याला खूप झापलं. शिकलेली माणसं असून असं करता, फुकट डोळा घालवून बसलात, पुढं कुणी आलं तर त्याला तरी सांगा. तो मान खाली घालून सगळं ऐकून घेत होता. मध्येच एकदा त्यानं दाराकडे बघितलं, ते नीट बंद आहे ना म्हणून.

मी बाहेर आलो. खरातनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या. मी म्हटलं, लेन्स घालून झोपायचा म्हणे.

"कोण सांगितलं?"

"त्यानंच."

खरातनं आपले हात उलटेपालटे करून बघितले. मशीनवरच्या दुधाळ तेलपाण्यानं त्याची बोटं नेहमीसारखी पांढुरकी, सुरकुतलेली होती. आमच्या सगळ्यांचीच तशी असायची, देवकतेचीही, माल तपासून तपासून.

"झोपत नव्हता भाऊ," तो म्हणाला. "हात धुणं सोडलं व्हतं त्यानं. माझ्या म्होरं लेन्स काढायचा, तसल्याच हातानं घालायचा. रोज. मला दिसत व्हतं." मग म्हणाला, "धू म्हणायला पायजे व्हतं. म्हणलो नाय. मला बरं वाटत व्हतं."

डोळा वाचला नाही.

कारखान्यात दोन निकाल लागले. एका बाकड्यानं ठरवलं की खरातचा हात लागला म्हणून डोळा गेला. मशीनच्या तेलपाण्याला जात नसते, ती आमच्या माणसांनी दिली. दुसऱ्या बाकड्यानं ठरवलं की मित्राच्या हातानंतर हात धुतले त्याची शिक्षा मिळाली. हात धुतले नाहीत म्हणून डोळा गेला, हे कुठल्याच बाकड्याला नको होतं. देवकते कुणाचंच खोडून काढायचा नाही. तो जाड भिंगांचा चष्मा घालून मुकाट काम करायचा. दवाखान्याच्या बाकावर काय बोलणं झालं ते मी त्याला कधी सांगितलं नाही, आणि खरातनं सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

पुढं विद्यापीठाचं नाव बदललं. कारखान्यात कुणी पेढे वाटले, कुणी घेतले नाहीत. बाकडी बरीच वर्षं तशीच राहिली.

हे दोघं मात्र पाळी सुटली की गेटमधून बरोबर बाहेर पडायचे. खरात कायम देवकतेच्या डाव्या अंगाला, जिकडचं देवकतेला दिसत नव्हतं तिकडं. मी एकदा खरातला विचारलं, दिसणाऱ्या बाजूनं का चालत नाहीस, तोंड बघून बोलता तरी येईल.

"जालना रोड हाये भाऊ," तो म्हणाला. "तिकडनंच ट्रक येत्यात."