शेषगिरीरावांच्या समक्ष समुद्रफूल उमलले त्याची हकीकत

समुद्र आधी जाहला, मेंदू मागाहून जाहला, आणि मेंदूस स्वतःचा गर्व त्याहूनही मागाहून जाहला. ऐसे ध्यानी ठेवून, शके १८८१, विकारी नाम संवत्सरी, ऐन नवरात्रात, चेन्नपट्टणी एग्मोर प्रांती जी मोहीम जाहली तिचे वर्तमान येणेप्रमाणे.

राजमान्य राजेश्री राघोत्तमराव तंजावरकर हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवीत. विद्या पक्की, नोकरी मात्र हंगामी. त्यांनी वर्गात सांगितले की, समुद्रफूल म्हणून एक प्राणी आहे, त्यास मेंदू नाही, तरी अंगभर मज्जातंतूंचे जाळे आहे, आणि आपल्या मेंदूचे मूळ तसल्याच जाळ्यात शोधावे. हे प्रिन्सिपल शेषगिरीरावांचे कानी गेले. ते तर्कशास्त्राचे पंडित. त्यांनी हुकूम केला की, मेंदू म्हणजे राजा, आणि जेथे राजा नाही तेथे डाक कोणाची? दसऱ्याचे आत प्रत्यक्ष दाखवावे, नपेक्षा नोकरी खालसा. 

मग शहराजवळच्या कोवलम किनाऱ्यावर चालून जाण्याची मसलत ठरली, आणि पहिले युद्ध स्वयंपाकघरातच पेटले. कुटुंब गोदाबाईसाहेबांनी तांब्याची घागर देऊ केली. राघोत्तमरावांनी अर्ज केला की, तांब्याने हा प्राणी मरतो, काचेची बरणी पाहिजे. काचेची बरणी एकच, आणि तीत मावडूचे, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचे, लोणचे चैत्रापासून ठाण मांडून बसलेले.

"माझी बरणी समुद्रात बुडवणार, आणि परत माझ्या सोवळ्यात आणणार होय?" बाईसाहेबांनी विचारिले. तरी त्यांनी लोणचे परातीत काढिले आणि बरणी धुऊन हवाली केली, कारण नवऱ्याची नोकरी जाते हे त्यांसही दिसत होते.

कोवलमास कोळ्यांनी दगडासकट एक समुद्रफूल काढून दिले आणि हे शिजवतात कैसे, म्हणून आस्थेने चौकशी केली. परतीस राव बरणी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले, आणि दर खड्ड्यागणिक थोडा समुद्र धोतरावर आला.

घरी येतात तो नवे संकट उभे. शेषगिरीराव त्याच संध्याकाळी सहकुटुंब कोलूस, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या आराशीस, येणार, ही खबर शेजारच्या तुळसीबाईंनी भिंतीवरून दिली होती. त्यांस ती पलीकडच्या भिंतीवरून आली होती. जलचरास स्वयंपाकघरात बंदी. मग तह जाहला की, कोलूच्या बाहुल्यांत खालच्या पायरीवर पशुपक्षी, मधल्यांवर माणसे आणि वर देव बसतात, त्याअर्थी बरणीने तळास बसावे. रावांस ती वाटणी शास्त्रासही धरून वाटली.

इतक्यात तुळसीबाई हळदकुंकवास आल्या, आणि काय सुरेख फूल म्हणून त्यांनी बरणीत हात घालून फुलास कुंकू लाविले. फूल मिटले ते मिटलेच. तुळसीबाई ओशाळून घरी गेल्या, आणि तोच शेषगिरीराव दारात उभे.

"हाच का तो तुमचा बिनराजाचा मुलूख?" त्यांनी त्या गोळ्याकडे पाहून विचारिले. 

मग कोलूस पाहुणीने गावे या रिवाजाप्रमाणे शेषगिरीरावांचे कुटुंब अलमेलूबाई गाण्यास बसल्या. एक पद जाहले, दुसरे जाहले, तिसरे तर संपेचना. आणि तेवढ्या वेळात कोणी बरणीस हात न लाविल्यामुळे फुलाने एकेक करून सर्व बाहू पसरिले. आपल्या गाण्याने उमलले, ऐसे अलमेलूबाईंनी जाहीर केले. त्यास कान नाहीत, हे सत्य रावांनी मुत्सद्दीपणाने गिळिले.

शेषगिरीरावांनी सुंडलातला, म्हणजे प्रसादाच्या उसळीतला, खोबऱ्याचा एक कीस बोटाने आत सोडिला. एका बाहूने धरिला, शेजारचे बाहू तिकडे वळले, आणि सर्वांनी मिळून कीस मुखाशी नेला.

"हुकूम कोणी दिला?" त्यांनी विचारिले.

रावांनी पुस्तकातले शब्द आठवून पाहिले, ते मिळेनात. तोच भिंतीपलीकडून तुळसीबाईंनी गोदाबाईंस, पाहुण्यांस सुंडल आवडले काय, म्हणून हाक दिली. आणि रावांस वाचा फुटली.

"सर, आपण आज येणार हे आपण कोणास सांगितलेत?"

"फक्त हिला."

"आणि साऱ्या आळीस ठाऊक आहे. आळीस राजा कोण? एकीने भिंतीवरून टाकिले, दुसरीने झेलिले. तंतू आणि तंतू यांच्यामध्येही अशीच फट असते, तीवरून निरोप टाकावा लागतो. तिला सायनॅप्स म्हणतात. परदेशी नव्या सूक्ष्मदर्शकात ती नुकतीच दिसली. समुद्रातल्याच स्पंज नामक प्राण्यास तर तंतूच नाहीत. पहिले जाळे कोणी विणिले, ते आम्हांसही अजून ठाऊक नाही."

शेषगिरीरावांनी अलमेलूबाईंकडे पाहिले. त्या बाहुल्या पाहू लागल्या. मग ते पोट धरून हसले. फुलाने खोबरे परत थुंकिले, त्याचाही त्यांनी राग मानिला नाही, आणि नोकरी कायम केल्याचा हुकूम तेथल्या तेथे दिला.

पाहुण्यांस फाटकापर्यंत पोचवून राव फत्तेची खबर देण्यास धावत आत आले. गोदाबाईसाहेब पदराने आनंदाश्रू पुशीत होत्या, आणि भिंतीपलीकडून तुळसीबाई पेढे केव्हा म्हणून विचारीत होत्या.

समुद्रफूल दुसरे दिवशी कोवलमास सन्मानाने पोचते जाहले. बरणी सोवळ्यात परत घेतली नाही. ती दर नवरात्रात कोलूच्या तळच्या पायरीवर रिकामीच बसते, आणि लोणचे चिनी मातीच्या भांड्यात असते. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली असे.