टाकी क्रमांक तीनचे नम्र निवेदन

पाथर्डी फाट्याच्या पुढे ज्या नव्या वसाहती उठल्या, त्यांना पाणी पुरवण्याचं पुण्यकर्म सप्तजल सहकारी संघ करतो. संघाकडे सात टाक्या, एक मोटारघर आणि प्रफुल्ल नावाचा एक कंत्राटी संगणक सहायक आहे. प्रफुल्लने प्रत्येक टाकीवर एक छोटं यंत्र बसवलं. त्यातली पायथनची स्क्रिप्ट पाणी मोजायची आणि तीन बाइटचं पॅकेट बांधून पाठवायची. टाकी कोणती, पाणी किती, आणि वाटेत आकडा बिघडला तर कळावं म्हणून एक तपासबेरीज, एवढंच त्यात असायचं. कार्यालयातली दुसरी स्क्रिप्ट ते पॅकेट उलगडायची आणि पडद्यावर त्या टाकीचं चित्र हिरवं किंवा लाल करायची. लाल दिसलं की मोटारघरातला पुंजा मोटार चालू करायचा. महिनाभर सगळं सुरळीत चाललं आणि कुणाला काही विचारावं लागलं नाही. एखादी व्यवस्था कार्यालयाच्या डोळ्यांत खुपायला एवढं पुरेसं असतं.

अधीक्षक सहादू आहेर यांनी प्रफुल्लला बोलावून घेतलं. आहेरसाहेबांची हयात टपाल शाखेत गेली होती.

"प्रफुल्ल, टाकी आपल्याला सारखं काहीतरी पाठवत असते म्हणे."

"हो सर. पॅकेट पाठवते."

"त्यात मायना असतो का?"

"सर, नुसते आकडे असतात. यंत्र यंत्राला पाठवतं."

"पाठवणारं यंत्र संघाचं, घेणारं यंत्रही संघाचं. म्हणजे हा अंतर्गत पत्रव्यवहार झाला. बिनमायन्याचं पत्र मी आजवर कलेक्टरकडून घेतलेलं नाही. टाकीकडून घेऊ?"

प्रफुल्लचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं. त्याने मायना घातला. स्वस्तातल्या त्या यंत्राला एका दमात पंचावन्न बाइटच पाठवता यायचे, आणि देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक काना-वेलांटी तीन-तीन बाइट खायची. 'महोदय' आणि 'आपली विश्वासू' बसवल्यावर बरोबर तीन बाइट उरले. पाण्याची माहिती अंग चोरून त्यात बसली. प्रफुल्लला वाटलं, निभावलं.

मग लेखापरीक्षणाच्या उज्वला मॅडम आल्या.

"ही तपासबेरीज कोण करतं?"

"पॅकेट बांधतानाच होते, मॅडम. पॅकेट ती सोबत घेऊन येतं."

"म्हणजे ज्याची तपासणी करायची, तोच निकाल खिशात घालून येतो. मग मी इथे कशाला येते?"

तपासबेरीज गेली आणि तिच्या जागी जावक क्रमांक आला. जावक क्रमांक आला म्हणजे संदर्भ हवाच, म्हणून टाकीचा क्रमांक काढून तिथे संदर्भ घातला. टाकी कोणती हे आता संदर्भावरून शोधता येणार होतं, फक्त शोधणाऱ्याचं पद रिक्त होतं. राहता राहिली पाण्याची पातळी. इतका महत्त्वाचा तपशील मूळ पत्रात असा उघडाबोडका असणं आहेरसाहेबांना प्रशस्त वाटेना. त्यांनी तो सहपत्र म्हणून वेगळ्या पॅकेटमधून पाठवण्याचा शेरा मारला. मूळ पत्राची पोच मासिक सभेत मंजूर झाल्याखेरीज सहपत्र सोडू नये, हेही त्याच शेऱ्यात होतं.

"पण सर, तोपर्यंत पडद्यावर रंग कोणता दाखवू?" प्रफुल्लने विचारलं.

"मायना, संदर्भ आणि शेवट व्यवस्थित असेल तर टाकी सुस्थितीत समजावी."

मायना स्क्रिप्टच घालत होती, त्यामुळे तो चुकण्याचा प्रश्नच नव्हता. सातही टाक्या हिरव्या झाल्या आणि हिरव्याच राहिल्या. मोटार सुरुवातीला अधूनमधून केवळ सवयीने चालू व्हायची, तेही नोटिशीच्या धाकाने थांबलं, आणि विजेचं बिल एकदम खाली आलं. अध्यक्षांनी प्रफुल्लला शाल, श्रीफळ आणि वर्षभराची मुदतवाढ दिली. शाल पांघरून घेताना त्याला मनापासून लाज वाटली. मुदतवाढ मात्र त्याने घेतली.

शनिवारी दुपारी तो टाकी क्रमांक तीनवर चढला. ती त्याच्याच कॉलनीची टाकी. दुसऱ्या दिवशी घरी बहिणीचा, चैतालीचा, साखरपुडा होता. मनमाडहून पाहुणे येणार होते, मांडव पडला होता, आचारी ठरला होता. त्याने टाकीत डोकावून बघितलं. तळाला जेमतेम संध्याकाळपुरतं पाणी होतं.

तो तसाच मोटारघरात गेला.

"पुंजाभाऊ, मोटार चालू करा. तीन नंबर रिकामी आहे."

"पडद्यावर तर हिरवी हाय."

"मी डोळ्यांनी बघून आलोय."

"तुम्ही बघितलं, पर पडद्यानं नाय ना बघितलं. हिरव्यावर मोटार चालवली तर मला नोटीस. लय वाईट वाटतंय, प्रफुल्लभाऊ, पर पडदा तुमीच केलाय."

प्रफुल्लने तिथूनच कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, "टाकी रिकामी आहे. उद्या पाणी नाही. आज संध्याकाळीच भरून ठेवा." आणि आहेरसाहेबांना घरी गाठायला तो सिडकोकडे निघाला.

सिग्नलला थांबला तोच आईचा, सुमनबाईंचा, फोन आला.

"काय रे हे लिहिलंस? नमस्कार नाही, चमत्कार नाही. माणसं विचारतायत, हा कोण आम्हाला हुकूम सोडणारा? उद्या कार्य आहे घरात. आधी काढ ते."

"आई, पाणी नाहीये."

"ते नीट सांगता येत नाही का? राहू दे, मीच लिहिते."

प्रफुल्लने आपला निरोप काढून टाकला. सुमनबाईंनी लिहिलं आणि मनापासून लिहिलं. सर्व बंधू-भगिनींना सस्नेह नमस्कार, वर गुलाबाची फुलं, चैतालीच्या कार्याला सहकुटुंब येण्याचं आग्रहाचं निमंत्रण, कॉलनीच्या एकोप्याबद्दल चार शब्द, आणि सर्वांत शेवटी पाणी. फोनने पहिल्या काही ओळी दाखवल्या आणि बाकीचं 'आणखी वाचा'च्या पोटात घातलं. कॉलनीने मात्र भरभरून दाद दिली. हात जुळले, अंगठे वर झाले. "काकू, किती छान लिहिता," असं तिसऱ्या गल्लीच्या कमळाबाईंनी कळवलं. सुमनबाई एकेकीला वेगळे धन्यवाद लिहीत बसल्या. त्या नादात संध्याकाळचं पाणी आलं आणि गेलं.

आहेरसाहेब घरी भेटले. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि टाकीने रीतसर कळवल्यास सोमवारी जरूर बघू, असं आश्वासन दिलं.

रविवारी मांडवात पाहुणे बसले, हार घालून झाले, पुऱ्यांचं पीठ परातीत कोरडंच राहिलं. नवऱ्या मुलाच्या आजी लंकाबाई नळापाशी हात पुढे करून उभ्या होत्या. नळ एकदा खाकरला आणि गप्प झाला. चैतालीच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. सुमनबाईंनी भरल्या मांडवात पोराला विचारलं, "अरे, आधी कळवायला नको का?"

कॉलनीनेही ग्रुपवर हेच विचारलं, आधी नमस्कार करून.

पडद्यावर त्या वेळी टाकी क्रमांक तीन हिरवीगार होती. तिचं शेवटचं पॅकेट नुकतंच आलं होतं आणि त्यात ती आपली विश्वासू होती. ही गोष्ट तुम्हालाही बहुधा कुणीतरी ग्रुपवरच पाठवली असेल. छान आहे म्हणून खाली हात जोडण्याआधी, उठून एकदा नळ सोडून बघा.