वॉली हॅलुशका कुणाकडे बघत होता

अठरा वर्षांचा मुलगा पुढे काय होणार, हे त्याच्या आईला ठाऊक नसतं, मास्तरांना सांगता येत नाही आणि त्याला स्वतःला तर विचारूच नये. म्हणूनच कॅनडात हा प्रश्न परक्या माणसांवर सोपवलेला आहे. ही माणसं काळे कोट घालतात, गावोगावच्या बर्फाच्या रिंकमध्ये सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहतात, कागदी पेल्यातली कोमट कॉफी पितात आणि खाली हॉकी खेळणाऱ्या पोरांकडे, गाडीवरची मटाराची शेंग सोलून बघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेने बघतात. त्यांना पारखी म्हणतात. (मटाराची शेंग निदान सोलता तरी येते.)

वॉली हॅलुशका हा हॅमिल्टन हेरन्स या क्लबाचा पारखी. सस्कॅचेवानचा सगळा सपाट मुलूख त्याच्याकडे. दर जूनमध्ये एका मोठ्या सभागृहात देशोदेशीची पोरं आईबापांसह कडक सूट घालून बसतात आणि क्लब त्यांना एकेक करून उचलतात. गेल्या मोसमात जो क्लब सगळ्यात वाईट खेळला, त्याला पहिल्यांदा निवड करायचा मान मिळतो. निवडीच्या या रांगेत हेरन्स बरीच वर्षं पहिल्या पाचांतून खाली घसरले नव्हते, आणि व्यवस्थापनाच्या वार्षिक अहवालात याला ‘सातत्य’ म्हटलेलं असे.

पारख करण्याची पद्धत पूर्णपणे शास्त्रीय आहे. पोराला एका सायकलवर बसवून जीव जाईस्तोवर पायडल मारायला लावतात. तो ओकला, तर त्याच्यात जिद्द आहे. नाही ओकला, तर दम आहे. (दोन्ही शेऱ्यांना सारखेच गुण.) त्याच्या आईची उंची बघतात, कारण पोर अजून वाढेल का हे तिच्यावरून कळतं, बापाचं पोट बघतात, कारण पोर कुठे वाढेल हे त्याच्यावरून कळतं. मग अहवाल लिहितात. अहवालात ‘हात छान’ असं असेल तर समजावं की पाय वाईट आहेत. ‘पाय छान’ म्हणजे हात वाईट. ‘घरचे संस्कार उत्तम’ म्हणजे हातपाय दोन्ही गेले. आणि ‘खूप वाव आहे’ याचा अर्थ सध्या तिथे काहीच नाही, नुसता वाव आहे. या पद्धतीने निवडलेल्यांपैकी साधारण सत्तर टक्के पोरं वाया जातात. उरलेल्या तीस टक्क्यांवर ती पद्धत अचूक ठरते.

वॉलीने या धंद्यात केस पांढरे केले होते. पण त्या हिवाळ्यात कोल्डवेल नावाच्या गावात त्याला जे दिसलं, त्याने तो हबकला.

एमेट रूडाक नावाचा एक पोर. बुटका, काटकुळा, हेल्मेट त्याला बुट्टीसारखं बसलेलं. दोन धिप्पाड पोरांनी त्याला कोपऱ्यात रिंकच्या कडेच्या फळीला चेपलं होतं, आणि तिथून, पाठ मैदानाकडे असताना, त्याने पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, मागच्या मागे असा काही सरकवला की तो तीन जणांच्या पायांमधून वाट काढत गेला आणि नेमका जिथे अजून कुणीच नव्हतं तिथे पोचला. मग तिथे त्याच्याच संघाचा एक गडी आला आणि त्याने आयता गोल मारला. बाकीच्या पारख्यांनी गोल मारणाऱ्याचं नाव टिपलं. वॉलीच्या हातातली कॉफी मात्र बुटावर सांडली.

‘हा आपला,’ तो मनाशी म्हणाला. चांगला माल दिसल्यावर अनुभवी गिऱ्हाईक करतं तेच मग त्याने केलं: मान फिरवली आणि भलतीकडेच बघायला लागला.

भलतीकडे ब्रॉक हेंडरशॉट होता. ब्रॉक त्याच संघातला. सहा फूट चार इंच, जबडा पुतळ्याला लावायच्या लायकीचा, आणि वॉलीने पहिल्यांदा नजर टाकली त्याच क्षणी स्वतःच्याच काठीत पाय अडकून सपशेल आडवा झालेला. लपण्यासाठी याहून मोठं झाड मिळालं नसतं. त्यानंतर हिवाळाभर वॉली जेव्हा जेव्हा कोल्डवेलला आला, तेव्हा तेव्हा त्याने ब्रॉककडे एकटक बघितलं. ब्रॉक बाकावर बसला की वॉली बाकाकडे बघे. ब्रॉक पाणी पिई, वॉली मान डोलावे. एमेटला तो फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असे, तेही खोकला आल्यासारखं करून.

आता पारखी बर्फाकडे बघतात हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. बर्फावर काय चाललंय हे कुणालाही दिसतं. धंद्याचा माणूस दुसरा पारखी कुठे बघतोय ते बघतो. पश्चिमेकडच्या एका क्लबाचा मर्व्ह डूली वॉलीच्या शेजारीच उभा असायचा.

“काय रे वॉली, त्या ताडमाडात एवढं काय दिसतंय तुला?”

“कुठे काय? सहज आपलं.”

मर्व्हने ओठ चावला. पारख्यांच्या भाषेत ‘सहज’ याहून गंभीर शब्द नाही.

“जबडा बघतोयस ना?”

“मर्व्ह, कॉफी पी. गार होतीय.”

एवढं पुरलं. मर्व्ह त्या आठवड्यात जेवढ्या रिंकवर गेला तेवढ्या ठिकाणी त्याने, कुणाला सांगू नकोस म्हणून, ही बातमी सांगितली. फेब्रुवारी संपता संपता कोल्डवेलच्या वरच्या पायरीवर काळ्या कोटांची अशी दाटी झाली की कॉफीवालीने तिथेच दुसरं टेबल मांडलं. सगळे ब्रॉककडे बघू लागले. ब्रॉक बिचारा एकदा शिंकला, तर निम्म्या पायरीने ते लिहून घेतलं.

मुलाखती झाल्या. हेरन्सचे मुख्य व्यवस्थापक डेनिस क्रँडल यांचा एक ठेवणीतला प्रश्न होता.

“समज, तू जनावर असतास. तर कुठलं असतास?”

“कुत्रा,” ब्रॉक म्हणाला.

“का?”

“आमच्याकडे आहे एक. मजेत असतो.”

क्लबाच्या समितीने ‘निष्ठावान’ असं लिहिलं. एमेटलाही, वॉलीने हळूच नाव सरकवल्यामुळे, तोच प्रश्न विचारण्यात आला.

“ते ठरवायला मला दिलं असतं का कुणी?” एमेट म्हणाला.

समितीने ‘उद्धट’ असं लिहिलं, आणि पुढे कंसात ‘बुटका’.

जूनमध्ये निवडीच्या आदल्या दुपारी क्रँडलसाहेबांनी वॉलीला बोलावलं. साहेब भलतेच खुशीत होते.

“वॉली, पहिल्या फेरीत हेंडरशॉट. ठरलं.”

“साहेब, ब्रॉक? आपण?”

“निरनिराळ्या पाच क्लबांकडून कानावर आलंय की त्यांना तोच हवाय. पाच, वॉली! आणि हे पाचही एकमेकांचं तोंड बघत नाहीत.” (हे खरं होतं. ते फक्त मर्व्हचं तोंड बघत.)

“साहेब, ते सगळं माझ्यामुळे झालंय. मी त्याच्याकडे बघत होतो...”

“ठाऊक आहे. अख्ख्या देशाला ठाऊक आहे तू बघत होतास. म्हणून तर म्हणतो, शाबास.”

“अहो, मी बघत त्याच्याकडे होतो, पण बघत दुसऱ्याकडेच होतो! एमेट रूडाक. कुणाला कळू नये म्हणून लपवला मी त्याला.”

क्रँडलसाहेबांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज आता दवाखान्यात काढतात तसा मऊ झाला.

“तू लपवलास आणि एकालाही तो दिसला नाही?”

“एकालाही नाही!” वॉली अभिमानाने म्हणाला.

“मग लपवल्यावर लपतो, तो खेळाडू कसला रे?”

“बरं, ब्रॉकबद्दल तुझं मत सांग,” साहेब म्हणाले. हिवाळाभर वॉलीने ज्या पोराकडे डोळे फाडून बघितलं होतं, त्याच्याविषयी त्याला एक अक्षर आठवेना. तो नुसते खिसे चाचपू लागला. साहेबांनी ओळखलं की पारखी आपलं घबाड उघड करायला कचरतोय, आणि ब्रॉकचं नाव त्यांनी यादीत आणखी दोन जागा वर नेलं. वॉली फारच अजिजी करू लागला तेव्हा ते म्हणाले, “ठीक आहे. तुझ्या त्या बुटक्याला शेवटच्या फेरीत घेऊ. दिला शब्द.”

दुसऱ्या दिवशी सभागृहात एमेट आपल्या बाबाशेजारी बसला होता. (युक्रेनी घरांत आजीला बाबा म्हणतात. वडिलांना काय म्हणत असत हे एमेटला विचारण्यात अर्थ नव्हता; ते तो लहान असतानाच अल्बर्टाच्या तेलविहिरींवर कामाला गेले ते तिकडलेच झाले.) बाबाने डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधला होता. पहिल्या फेरीत हेरन्सनी ब्रॉकला उचललं. टाळ्या झाल्या, ब्रॉकची आई रडली, आणि मर्व्हने आपला पेला वॉलीच्या दिशेने उंचावला. मग फेऱ्यांमागून फेऱ्या गेल्या. दरवेळी नाव पुकारलं जायच्या आधी एमेट सूटचं बटण लावी आणि नाव झाल्यावर काढी.

शेवटच्या फेरीत क्रँडलसाहेबांनी फिनलंडच्या एका गोलरक्षकाला घेतलं. त्याला त्यांच्या क्लबातल्या कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे त्याच्यात एकही दोष आढळला नव्हता.

“संपलं?” बाबाने विचारलं. “का आणखी कुठे दुसरी खोली आहे?”

“संपलं, बाबा,” एमेट म्हणाला. त्याने बटण तसंच लावलेलं ठेवलं.

त्या आठवड्यात वॉली गाडी काढून कोल्डवेलला गेला. कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. क्लबाने पाठवलं नव्हतं. बाबाने दार उघडलं, त्याचं युक्रेनी आडनाव ऐकलं, आणि पुढचं काही न विचारता पिरोगीचं ताट समोर ठेवलं. बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्याच त्या, वर परतलेला कांदा आणि घट्ट आंबट साय. वॉलीने दोन खाल्ल्या. तिसरी तो ताटात इकडून तिकडे सरकवत राहिला.

एमेट समोर बसला होता. “मी दर मॅचला वर बघायचो,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्तच जड गेलं. “हेरन्सचा माणूस आलाय, असं सगळे म्हणायचे. तुम्ही ब्रॉककडे बघत असायचात. मी गोल केला तेव्हासुद्धा. मला वाटायचं, आपण कमी पडतोय. आणखी जोर लावायला हवा.”

“अरे, मी सगळ्यांपासून लपवत होतो तुला.”

बाबाने चुलीवरून मान वळवली. “असा कसा लपवलास रे बाळा, की त्याचा त्यालाही सापडेना?”

एमेट आधी हसला. मग वॉली हसायला गेला, आणि त्याला रुमाल काढावा लागला. बाबाने त्याच्या ताटात आणखी चार पिरोगी वाढल्या, कारण तिच्या अनुभवात रडणाऱ्या माणसाला आधी खायला घालावं, चूक कुणाची ते मागाहून बघावं. उठता उठता वॉलीने विचारलं, “त्या दिवशी, पाठमोरा असताना, तिथे कुणी येणार हे तुला कळलं कसं?”

“कुठल्या दिवशी?” एमेट म्हणाला.

वॉलीने खूप खटपट केली. न निवडलेल्या पोराला कुठलाही क्लब नंतर करारावर घेऊ शकतो. तो दारोदार हिंडला. सगळीकडे एकच प्रश्न: एवढा चांगला होता, तर कुणी घेतला का नाही? शेवटी स्लोव्हाकियातल्या एका क्लबाने एमेटला बोलावून घेतलं.

आता, वाचकहो, पुढे काय झालं ते तुम्ही केव्हाच ओळखलेलं आहे. बुटका पोर सातासमुद्रापार चमकला, ताडमाड जबडेवाला आपटला, आणि क्रँडलसाहेबांना नोकरी गमवावी लागली. हो ना?

ब्रॉक हेंडरशॉट गेली आठ वर्षं हेरन्सकडून खेळतोय. तो उत्तम बचावपटू आहे. शांत डोक्याचा, वेळेवर जागेवर असणारा, नव्या पोरांना घरी जेवायला नेणारा. क्लबाने त्याला कर्णधार केलं. हेरन्स आता निवडीच्या रांगेत पहिल्या पाचांत नसतात आणि क्रँडलसाहेबांच्या नावाने रिंकमध्ये एक कोपरा आहे. एमेट स्लोव्हाकियात दोन मोसम खेळला. मोठ्या माणसांपुढे त्याचे पाय पुरे पडले नाहीत. हे त्याला स्वतःला सगळ्यांच्या आधी कळलं, आणि तो परत आला. आता तो कोल्डवेलच्या वीज कंपनीत तारांवर काम करतो आणि बर्फ असेल तेव्हा मित्रांबरोबर मजेत खेळतो. पाठमोऱ्या पासचं विचारलं तर तो सांगतो की त्या दिवशी त्याचा तोल गेला होता.

तुम्ही ब्रॉकला एकदाच पडताना पाहिलंत आणि त्याचा जबडा ऐकलात. एमेटचा एक पास पाहिलात, आणि खरं सांगायचं तर पिरोगीपाशीच तुमचा निकाल लागला. एवढ्यावर तुम्ही दोन पोरांचं आयुष्य ठरवून मोकळे झालात. तेही घरबसल्या, रिंकमध्ये न कुडकुडता आणि कॉफी न सांडता.

वॉली हॅलुशका या वर्षी निवृत्त होतोय. सस्कॅचेवानला पारख्याची जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही. काळा कोट क्लब देतो.