वेरेनिकीचा उसना गुडघा

समाज किती पुढारलेला आहे, हे तो आपल्या थोर माणसांचा किती वापर करून घेतो यावरून ठरवावं. या कसोटीवर आमचं वाइसालु गाव फिजीच्या सगळ्या बेटांत पहिलं यावं.

आमचा थोर माणूस म्हणजे वेरेनिकी नासोबा. अकरा वर्षं तो देशाकडून रग्बी खेळला, मग फ्रान्समधल्या एका क्लबाने त्याला नेलं. चेंडू काखेत मारून तो निघाला की समोरचे चार जण आडवे व्हायचे (पाचवा शहाणा असल्यास स्वतःहून आडवा व्हायचा). काखेत काहीतरी मारून पळणं तो इथेच शिकला. तेव्हा काखेत नारळ असायचे आणि ते त्याच्या अपिसालोमे मामांचे असायचे. म्हणून त्याच्या यशावर पहिला हक्क मामांचा मानला जातो.

हक्क बजावण्याच्या रीतीला आम्ही केरेकेरे म्हणतो. नात्यातल्या माणसाने वस्तू मागितली की द्यायची, एवढंच तिचं कलम. पोटकलम असं की गावात सगळेच नात्यातले आहेत. 'नाही' हा शब्द आमच्या भाषेत आहे, पण तो वीज, फेरीबोट आणि दवाखान्यातला डॉक्टर यांच्यापुरता राखून ठेवलेला आहे.

या रीतीनुसार वेरेनिकीच्या कारकिर्दीचं वाटप झालं. देशाची जर्सी चुलतभावाकडे गेली (मासेमारीला बरी पडते, उन्हात रंग उडत नाही). विश्वचषकाचं पदक चर्चच्या गायनमंडळाच्या प्रमुख बाईंनी ताल धरायला नेलं. बुटांचे नऊ जोड अठरा माणसांत वाटले गेले. गावची वस्ती दोनशे सोळा, म्हणजे दर बारा माणसांमागे एक पाय आंतरराष्ट्रीय दर्जाचा आहे. एवढं प्रमाण न्यूझीलंडातही नसावं.

वेरेनिकीने कधी कुरकुर केली नाही. या नाताळात मात्र एक वस्तू स्वतःजवळ ठेवायचीच, असं ठरवून तो घरी आला. ती वस्तू म्हणजे त्याचा उजवा गुडघा. तिकडच्या डॉक्टरने तो दोनदा कापून शिवला होता आणि बजावलं होतं की आणखी एक सामना खेळलास तर धड चालता येणार नाही. वेरेनिकीला चालायचं होतं. अळूच्या मळ्यापर्यंत, आणि पुढे कधीतरी मुलीचा हात धरून चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत. मुलगी सध्या चार वर्षांची होती, पण बापाने ते चालणं मनात कितीदा तरी चालून घेतलं होतं.

त्याची बायको मेरेओनी व्यवहारी. तिने त्याच्याकडून 'नाही' म्हणण्याचा सराव करून घेतला. कोंबडीला तो दुसऱ्या प्रयत्नात नाही म्हणाला. सासूच्या फोटोला नाही म्हणायला चार दिवस लागले.

बुधवारी मामा गावच्या पाच वडीलधाऱ्यांना घेऊन आले. चटईवर बसले, रीतीप्रमाणे यांगोनाची मुळी पुढे ठेवली, ती कुटून पाण्यात कालवली गेली, त्या पेयाच्या करवंट्या फिरल्या. मग मामांनी घसा साफ केला.

"भाच्या, गुडघा कसा आहे?"

"बरा नाही, मामा."

"देव बरं करो. शनिवारी नाकोरो गावाशी सामना आहे. येताना घेऊन ये."

स्वयंपाकघरात मेरेओनी खोकली. वेरेनिकी म्हणाला, "मामा, डॉक्टर नको म्हणालाय."

"कुठल्या गावचा डॉक्टर?"

"फ्रान्सचा."

"म्हणजे नात्यातला नाही," मामा म्हणाले. वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या आणि हरकत फेटाळण्यात आली. "आणि आम्ही कायमचा कुठे मागतोय? दहा मिनिटं उसना दे. रविवारी प्रार्थनेला तुला लागेलच, त्याच्या आत परत करू."

वेरेनिकीने तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आला होता. पण समोर मामा होते. बाप समुद्रात बुडून गेल्यावर ज्यांनी त्याला रोज खांद्यावर बसवून नदीपलीकडे शाळेत पोचवलं, ते मामा. वेरेनिकीने रीतीप्रमाणे तीनदा टाळी वाजवली, म्हणजे मागणी मान्य झाली. आत मेरेओनीने भांड्यावर झाकण जरा जोरातच ठेवलं.

शनिवारी शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा आपण चौदा, नाकोरो सतरा. वेरेनिकी मैदानात आला. चेंडू काखेत आला. चार जण आडवे झाले, पाचवा स्वतःहून झाला. सहाव्याने मागून झेप घेतली आणि त्याचा बूट थेट गुडघ्यावर बसला. बूट उजव्या पायाचा होता आणि त्यावर फ्रान्सच्या क्लबाचं चिन्ह होतं (आमच्या एका चुलत्याच्या नाकोरोतल्या सासुरवाडीने तो केरेकेरे करून नेला होता). वेरेनिकी रेषेपलीकडे पडला तो चेंडू घेऊनच. एकोणीस-सतरा. गाव नाचलं.

रविवारी गुडघा ठरल्याप्रमाणे परत करण्यात आला. प्रार्थनेला वेरेनिकीला गुडघे टेकता आले नाहीत. त्याने आयुष्यातलं पहिलं केरेकेरे केलं आणि मामांकडे त्यांची काठी मागितली. मामांनी ती तिथल्या तिथे दिली आणि तोंड फिरवून रडले. मंगळवारी शेजाऱ्याने ती काठी मागून नेली.

दारापासून वेदीपर्यंत बावीस पावलं आहेत. मेरेओनीने मोजली.

हे गाव निर्दय आहे, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटू द्या. पण चौदा-सतरा असताना चेंडू त्याच्या काखेत आला आणि चार जण आडवे झाले, तेव्हा तुम्ही मनात काय म्हणालात, थांब की पळ? आम्ही निदान दहाच मिनिटं मागितली होती. आणि तुम्ही तर आमच्या नात्यातलेसुद्धा नाही.