सात नंबर गप हाये

आख्ख्या वर्धा जिल्ह्यात माह्यावाणी इस्त्री करणारा माणूस सापडणार नाई. तीन शर्टं जाळले तवापासून कारखान्यात मले फक्त घड्या घालाले देतात, ते गोष्ट वेगळी.

आमचा कारखाना शाळेच्या गणवेशाचा. चाळीस मशिनी, त्याच्यावर चाळीस बाया-पोरी. रोज सकाळी मशिनी सुरू झाल्या की एक माणूस त्याइच्या मंधात डोळे मिटून उभा राह्यते. ते आमचे ढगे साहेब. नवीन पोरीले वाटते, यायले चक्कर आली. साहेबाच्या दारावर पाटी हाये. मले वाचता येत नाई, पण माणसं आणाचं अन् टिकवाचं खातं म्हणतात त्याले. हजेरीचा कागद साहेब पाह्यतच नाईत. डोळे मिटून ऐकतात अन् म्हणतात, "सात नंबर गप हाये. शीतल नाई आली."

खरंच नसते आली.

मी बी एकदा डोळे मिटून पाह्यलं. मले माह्या पोटाचाच आवाज ऐकू आला.

"आवाज सांगते गा," हे साहेबाचं नेहमीचं. कोणाच्या घरी भांडण झालं, कोणाचं लेकरू तापानं हाये, सारं त्याइले आवाज सांगते. कापूस वेचाच्या दिवसात मशिनीची अर्धी लाइन गप होते, लग्नसराईत तं इचारूच नका. मंग साहेब माह्या गाडीवर मांगं बसून गावोगावी जातात बायाले परत आणाले. कोणी म्हणते पाहुणे आले, कोणी म्हणते बकरी व्याली. साहेब कोरा चहा पितात, बकरीचं पिल्लू मांडीवर घेऊन बसतात, अन् दुसऱ्या दिवशी बाई कामावर हजर. एकदा पिल्लू मी घेतलं. ते माह्या पॅन्टवर मुतलं अन् बाई काई आली नाई.

एका रविवारी डबा इसरला म्हणून मी कारखान्यात गेलतो. खिडकीतून उन्हाचे पट्टे आलते, त्याच्यात कापडाचा बारीक भुसा तरंगून राह्यला होता, पाण्यातल्या मासोळ्यावाणी. साहेब एकटेच मशीन चालवून राह्यले होते. सुईत धागा नाई, खाली कापड नाई, नुसतं मशीन. मी म्हटलं, काऊन साहेब?

"घरी काईच वाजत नाई गा," म्हणे.

साहेबाची बायको वारून लय वर्सं झाले.

यंदा शाळा उघडाच्या आधीची घाई होती अन् शीतल तीन दिवस आली नाई. शीतल आमची कॉलरवाली. तिच्या हातची कॉलर घातली की पोट्ट्याची मान आपोआप ताठ होते. मालकानं साहेबाले सांगून टाकलं, पोरगी गेली तं ऑर्डर गेली, अन् ऑर्डर गेली तं तुम्ही बी घरी बसा.

आम्ही दुपारीच पवनारले गेलो. धाम नदी उन्हात डोळा लागल्यावाणी पडली होती. शीतलनं मान खाली घालून सांगितलं, नागपूरच्या मोठ्या कारखान्यात आख्खी लाइन सांभाळाची जागा भेटून राह्यली, पण जुन्या साहेबाचं अनुभवाचं पत्र पाह्यजे. ते कोणत्या तोंडानं मांगू म्हणून घरी बसली होती.

मी लागलो समजावाले. म्हटलं, बाई, कारखाना म्हणजे माहेर, माहेर सोडून कोणी जाते का?

तिची माय म्हणे, "माहेर सोडूनच तं जाते पोरगी, गजूभाऊ."

मी चहात तोंड घातलं.

कोपऱ्यात शीतलचं घरचं मशीन होतं. साहेब म्हणे, चालव बरं. ते चालवत राह्यली, साहेब डोळे मिटून ऐकत राह्यले. नदीवरून गार झुळूक येऊन राह्यली होती. मी पहारा देतो म्हणून बसलो अन् घोरलो. जाग आली तं साहेब पत्र लिहून राह्यले होते. शीतलनं ते मोठ्यानं वाचलं: ही पोरगी चाळीस मशिनी सांभाळीन. मशीन बंद पडलं तं घाबरत नाई. हिले कोणी अडवू नये.

मंग तिनं पत्राची कॉलरीवाणी सरळ घडी घातली.

परत येताना मी म्हटलं, साहेब, आता तुमचं कसं? साहेब म्हणे, "मले बी सुरतेहून बोलावणं आलतं. तवाच्या साहेबानं पत्र देल्लं नाई. गोड बोलून ठेवून घेतलं."

दुसऱ्या दिवशी मालक लय बोलला. पण साहेबाले काढलं तं चाळीस जणीले कामावर आणीन कोण? म्हणे, नवीन पोरगी भेटेपर्यंत कॉलरी तुम्हीच शिवा. तवापासून साहेब नाकावर चष्मा घेऊन शीतलच्या खुर्चीवर बसतात. कॉलर जराशी उशिरा येते, पण सरळ येते.

काल त्याइची वाकलेली पाठ पाहून मी घड्या सोडून उठलो. जवळ जाऊन म्हटलं, साहेब, कोणी बी जावो, मी नाई जाणार तुम्हाले सोडून.

साहेबानं दातानं धागा तोडला.

"तुले बोलावते कोण, गजू?"