घुबडकड्याचा शेवटचा फर्मा

अख्ख्या बेंगळुरूत 'घुबडकड्याचा बंगला' ही कादंबरी आपल्याइतकी कुणी कोळून प्यायलेली नाही, असं विद्याधररावांचं ठाम मत होतं, आणि हे मत ते स्वतःजवळ ठेवत नसत. भाजीवाल्या अक्काला मराठी येत नव्हतं म्हणून ती वाचली होती, एवढंच.

कादंबरी शंभरेक वर्षांपूर्वीची. घाटमाथ्यावरचा एकाकी बंगला, तिथे नव्याने लग्न होऊन आलेली चंद्रकला, आणि "वरच्या मजल्यावर पाऊल टाकायचं नाही" एवढंच बजावून दिवसभर गप्प बसणारे इनामदार. रात्र झाली की वरच्या बंद खोलीतून बाजाच्या पेटीचे तुटक सूर यायचे. शेवटी एका वादळी रात्री इनामदार कंदील घेऊन कड्याकडे जातात, कंदील खाली पडताना दिसतो, विझतो, आणि वरच्या मजल्याच्या कुलपाला चंद्रकला किल्ली लावणार तोच ते दार आपोआप उघडतं. 'आणि दार उघडलं.' बस. कादंबरी संपली. दारात कोण होतं, ते लेखकाने सांगितलंच नाही!

या शेवटावर बेंगळुरूच्या स्नेहवाचन मंडळाच्या तीन पिढ्या पोसल्या होत्या. मंडळाच्या कपाटात या कादंबरीची एकच प्रत होती, जाड रेक्झिनच्या पुठ्ठ्यात बांधलेली, आणि पहिल्या पानावर खुद्द लेखकाची सही. बाजारात पुस्तक कधीच मिळेनासं झालेलं. त्यामुळे मंडळात ज्याने ज्याने ही कादंबरी वाचली, त्याने तीच प्रत वाचली. विद्याधररावांनी तर 'उघडं दार' या विषयावर इतकी व्याख्यानं दिली होती, की ते माइककडे निघाले की लोक आपापल्या घरचं दार बंद केलं होतं का, ते आठवू लागत. लेखकाचा वाचकावर केवढा विश्वास, असं म्हणून ते थोडं थांबायचे आणि पाणी प्यायचे.

विमानांच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी या कादंबरीचा पुढचा भाग लिहायला घेतला. हेमलताबाईंनी हा काळ कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. सकाळच्या कॉफीला इनामदारांचा आत्मा, जेवताना तळघर, आणि बिसीबेळे भाताला फोडणी घालताना मागून प्रश्न की, बाईमाणूस बेशुद्ध पडताना डावीकडे पडतं की उजवीकडे. "सरी, सरी, कुठेही पडू दे, पण आधी ताटं घ्या," असं म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या. त्या इथल्याच, बसवनगुडीत वाढलेल्या. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं होतं की रागावतानाच वेगळं ओळखू यायचं. चारशे पानं झाली. त्यात इनामदार कड्यावरून पडून मेलेले होते, त्यांचा आत्मा पेटी वाजवत होता, आणि उघड्या दारातून बाहेर आलेल्या व्यक्तीने बंगल्यातल्या निम्म्या माणसांना वेड लावलं होतं. शेवटच्या प्रकरणात विद्याधररावांनी सगळ्याचा उलगडा केला होता. सोबत बंगल्याचा मोजमापांसह नकाशाही जोडला होता. इंजिनिअर माणूस, राहवतं थोडंच!

पुस्तक छापून आलं. रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये प्रकाशन ठरलं. पाहुण्या म्हणून मूळ लेखकाची नात, कौशल्याबाई, पुण्याहून विमानाने यायच्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. त्यांना पुस्तक आधीच पाठवलेलं होतं, आणि त्यांनी "येते" एवढंच कळवलं होतं.

त्या रविवारी विद्याधरराव रेशमी झब्ब्याची बटणं लावत असताना प्रणिताचा फोन आला. प्रणिता मंडळातली नवी मुलगी, आयटीतली, पुण्याहून येऊन के. आर. पुरमला राहणारी. सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. आणि अभ्यासू मुलगी असल्यामुळे तिने तयारी म्हणून मूळ कादंबरी वाचली होती. मंडळाची प्रत कपाटात होती आणि कपाटाची किल्ली मंडळाचे अध्यक्ष सयाजीराव यांच्याकडे. म्हणून तिने आपल्या सातारच्या आजोळाहून पानांचे फोटो मागवून त्यांची पीडीएफ केली होती.

"काका, एक छोटासा डाउट होता," ती म्हणाली. "तुमच्या नॉव्हेलमध्ये इनामदार डेड आहेत ना? पण ओरिजिनलमध्ये ते सकाळी परत येतात."

विद्याधरराव पलंगावर बसले. दार उघडल्यानंतर पुढे काहीतरी आहे, असं ही मुलगी म्हणत होती. थोडंथोडकं नाही, सोळा पानं. छापखान्यात मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या सोळा पानांना फर्मा म्हणतात, तो अख्खा शेवटचा फर्माच मंडळाच्या प्रतीत नव्हता! नेमकं आधीचं पान पूर्णविरामावर संपत होतं, म्हणून तीन पिढ्यांत कुणाला शंका आली नव्हती. आणि सोळा पानांत होतं तरी काय? दार वाऱ्याने उघडलं होतं. वरच्या मजल्याची जमीन वाळवीने खाल्लेली, कुणाचा पाय जाऊ नये म्हणून इनामदारांनी कुलूप घातलेलं. पेटीच्या पट्ट्यांवरून रात्री उदमांजर चालायचं. इनामदारांचा कंदील तेवढा पडला होता, ते स्वतः घोटा मुरगळून झाडाखाली बसले होते. सकाळी घरी आले, बायकोची माफी मागितली, पुढे सात मुलं झाली आणि बंगल्यात शाळा निघाली.

ज्या माणसाने अख्ख्या नोकरीत एकाही ड्रॉइंगवर त्याचे सगळे कागद मोजल्याशिवाय सही केली नाही, त्याने पुस्तकाची पानं मोजली नव्हती. आत्म्याचं काय करायचं, तळघराचं काय, वेड लागलेल्या माणसांचं काय? सात मुलांच्या बापाचा आत्मा चारशे पानं पेटी वाजवत होता. आणि हे सगळं आज लेखकाच्या सख्ख्या नातीसमोर, भर सभेत उघडं पडणार होतं. या माणसाने मूळ पुस्तक पूर्ण वाचलेलंच नाही, असं ती म्हणाली की संपलं. पुन्हा मंडळात तोंड दाखवायची सोय नव्हती. विद्याधररावांना खरोखर रडू यायला लागलं.

त्यांनी प्रणिताला गळ घातली, की याबद्दल कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. ती "ओके काका" म्हणाली, पण जरा चाचरत. हेमलताबाईंना त्यांनी हॉलवर पुढे पाठवलं आणि स्वतः विमानतळावर जायला टॅक्सीत बसले. कौशल्याबाईंना उशिरा आणायचं, इतकं उशिरा की भाषणाला वेळच राहू नये, असा त्यांचा बेत होता. यात अवघड काही नव्हतं. बेंगळुरूत राहणाऱ्या माणसाला उशीर करायला कष्ट पडत नाहीत. ड्रायव्हर हयवदन, नेहमीचा, त्याला त्यांनी सांगून टाकलं की, अण्णा, आज घाई नाही, स्वल्प निधान, जरा सावकाश.

आणि त्या दिवशी, शहराच्या इतिहासात पहिल्यांदाच, हेब्बाळचा पूल रिकामा होता. हयवदन खुशीत येऊन म्हणाला, "सर, पूर्ती खाली इदे!" रस्ता असा मोकळा सापडल्यावर हळू चालवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. विमानतळावर पोचले तेव्हा विमान उतरायचं होतं.

कौशल्याबाई आल्या. पांढरंशुभ्र पातळ, हातात काठी आणि खांद्याला कापडी पिशवी. गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "विद्याधरराव, स्टेजवर जायच्या आधी मला तुमच्याशी थोडं बोलायचंय." विद्याधररावांचं धाबं दणाणलं. बोलायला अवधीच मिळू नये म्हणून त्यांनी घाईघाईने जाहीर केलं की, इथून जवळच देवनहळ्ळीचा ऐतिहासिक किल्ला आहे आणि तो न पाहता कुणी बेंगळुरूत शिरत नाही. स्वतः त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. हयवदनने आरशातून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि शहराच्या उलट दिशेला गाडी वळवली.

किल्ल्याच्या पायऱ्या पाहून बाई मागे फिरतील, निदान दमून खाली बसतील, असा हिशेब होता. दमले विद्याधरराव. कौशल्याबाई काठी टेकत भराभर वर गेल्या आणि तटावर उभ्या राहून त्यांना हात करू लागल्या. इतक्यात हेमलताबाईंचा फोन आला. त्या हळू आवाजात बोलत होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

प्रणिताने कुणाला काही सांगितलं नव्हतं, हे खरं. पण विद्याधररावांना फोन करायच्या आधीच तिने ती पीडीएफ 'आजच्या निमित्ताने दुर्मिळ शेवट' म्हणून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिली होती! आता हॉलमध्ये दीडशे माणसं मोबाइल डोळ्यांसमोर धरून बसली होती. सयाजीराव स्टेजवरून उदमांजराचा उतारा मोठ्याने वाचून दाखवत होते. काही जुन्या बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. जन्मभर दारात कोण असेल याचा विचार केला आणि निघाली वाळवी. उपमा संपला होता. आणि विद्याधर कुठे आहे, असं सगळे विचारत होते.

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. विद्याधरराव धापा टाकत तटावर पोचले, झब्ब्याच्या बाहीने घाम पुसला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. "ताई, मी शेवटची सोळा पानं वाचलेली नाहीत. आमच्या प्रतीत ती नव्हतीच. मला माहीतच नव्हतं. तुम्ही स्टेजवर काहीही बोला, मी खाली मान घालून ऐकून घेईन."

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग मंडळाच्या प्रतीवर सही कुणाची आहे, एवढंच विचारलं. लेखकाचीच, म्हटल्यावर त्या हसायला लागल्या, आणि हसत हसतच पायऱ्या उतरल्या. "चला लवकर," म्हणाल्या, "लोक ताटकळले असतील."

आता घाई होती, त्यामुळे हेब्बाळला गाड्या आपल्या जागेवर आल्या होत्या. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि हॉलमधून दर थोड्या वेळाने फोन येत होता. बाई शांतपणे खिडकीबाहेर पाहत होत्या आणि विद्याधरराव मनातल्या मनात बेंगळुरू सोडून कुठे राहायला जाता येईल, याचा विचार करत होते. नागपूरला चुलतभाऊ होता, पण त्यालाही त्यांनी 'उघडं दार'चं व्याख्यान ऐकवलेलं होतं.

हॉलमध्ये शिरल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. सयाजीरावांनी चष्म्यावरून पाहिलं. विद्याधरराव स्टेजवरच्या खुर्चीत, दाखल्यासाठी हेडमास्तरांपुढे बसलेल्या मुलासारखे आक्रसून बसले. प्रणिता रडवेली झाली होती. तिने दोन वाक्यांत स्वागत उरकलं आणि माइक कौशल्याबाईंना दिला.

बाईंनी एकवार सगळ्या सभेवरून नजर फिरवली.

"ती सोळा पानं माझ्या आजोबांनी लिहिलेली नाहीत," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सावकाश सांगितलं. आजोबांनी दार उघडून कादंबरी संपवली होती. प्रकाशक घाबरला. असं अर्धवट पुस्तक घेऊन लोक दुकानात भांडायला येतील, म्हणून त्याने आपल्या दुकानातल्या कारकुनाकडून एक फर्मा लिहवून घेतला आणि परस्पर जोडून दिला. उदमांजर त्या कारकुनाचं. आजोबांनी त्यापुढे मरेपर्यंत आपल्या हाताने ज्याला ज्याला पुस्तक दिलं, त्याला तो फर्मा फाडून काढूनच दिलं आणि मग सही केली. "तेव्हा तुमच्या मंडळाकडे आहे ती खरी कादंबरी," बाई म्हणाल्या, "आणि विद्याधररावांनी जिथून पुढे लिहिलंय, ती जागा बरोबर आहे."

काय टाळ्या पडल्या म्हणता! जुन्या बायकांनी डोळे पुसून एकमेकींचे हात धरले. सयाजीरावांनी मोबाइल खिशात टाकला आणि आपल्याला पहिल्यापासून शंका होतीच, असं शेजारच्याला सांगितलं. विद्याधररावांचा जीव असा भांड्यात पडला की त्यांना क्षणभर उठताच येईना. पहिल्या रांगेत बसलेल्या हेमलताबाई त्यांच्याकडे पाहून हसत होत्या.

प्रकाशनासाठी कौशल्याबाईंनी आपल्या पिशवीतून त्यांना पाठवलेलीच प्रत काढली. ती जरा सडपातळ वाटली. फोटोसाठी दोघं पुस्तक धरून उभी असताना बाई हळूच म्हणाल्या, "दोनदा वाचलं. फार आवडलं. आधी बोलायचं होतं ते एवढंच, की शेवटचा फर्मा मी ब्लेडने काढून घरी ठेवून आले."

"पण ताई, त्यात तर सगळा उलगडा आहे. नकाशासकट."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या, आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसल्या.

एरवी विद्याधरराव यावर महिनाभर जेवले नसते. पण तासाभरापूर्वी गाव सोडायला निघालेल्या माणसाला कशाचंच फार वाईट वाटत नाही. जेवणाची पंगत बसेपर्यंत ते विक्रीच्या टेबलामागे खुर्ची टाकून बसले आणि स्टीलची पट्टी लावून एकेका प्रतीतून शेवटचा फर्मा काढू लागले. मूळ कादंबरीचं नशीब त्यांना लाभलं नव्हतं. त्यांचं आधीचं पान पूर्णविरामावर संपत नव्हतं. 'चंद्रकलेने थरथरता हात पुढे केला आणि' एवढ्यावरच ते थांबत होतं.

पहिली प्रत सयाजीरावांनी घेतली. कोणतंही पुस्तक ते शेवटच्या पानापासून उघडत. त्यांनी ते पान वाचलं, उलटून पाहिलं, परत वाचलं आणि भारावून विद्याधररावांचा हात हातात घेतला. "वाक्यसुद्धा पूर्ण केलं नाहीत!" ते म्हणाले. "केवढं धाडस!"

"वाचकावर विश्वास टाकावा लागतो," विद्याधरराव म्हणाले, थोडं थांबले, पाणी प्यायले, आणि पदरात फाडलेल्या पानांचा ढीग घेऊन शेजारी बसलेल्या हेमलताबाईंकडे त्यांनी मुद्दामच पाहिलं नाही.